मंगल कार्यालयाची साउंड सिस्टीम: दुकानात पाऊल टाकण्याआधी

मुहूर्ताला चार मिनिटं उरली आहेत. अक्षता वाटून झाल्या, अंतरपाट धरला, गुरुजींनी घसा खाकरला. आणि शेजारच्या भोजनकक्षात सनईची कॅसेट असल्यासारखी तीच धून अजून मोठ्यानं चालू आहे. ती बंद करायचा नॉब माळ्यावरच्या खोलीत, खोलीला कुलूप, आणि किल्ली ज्याच्या खिशात तो मठ्ठा आणायला गेलेला. तेवढ्यात स्पीकरमधून ऑफिसातला आवाज येतो, "पांढरी स्विफ्ट ज्यांची असेल त्यांनी कृपया गाडी काढून घ्यावी", आणि हे वाक्य थेट 'शुभमंगल'वर येऊन आदळतं.

थोड्याफार फरकानं हा प्रसंग मी बऱ्याच कार्यालयांत पाहिला आहे. रॅक, म्हणजे यंत्रांचं कपाट, उघडून बघावं तर यंत्रं चांगली, महागाची. खर्चात कसूर नसते; चूक क्रमात असते. मालक आधी दुकानात जातो, मग कोणत्या जागेत काय ऐकू यायला हवं याचा विचार करतो. नवं कार्यालय बांधणाऱ्यांनी किंवा जुन्याचं नूतनीकरण करणाऱ्यांनी हा क्रम उलटा कसा करावा, ते इथे सांगतो. फॅमिली सेक्शन, परमिट रूम आणि गार्डन असलेल्या हॉटेललाही यातलं बहुतेक लागू पडतं. तिथे फक्त गुरुजी नसतात.

आधी कागद

एक मोठा कागद घ्या. वरच्या ओळीत जागा लिहा. आपल्या उदाहरणात पाच धरू: मुख्य हॉल, भोजनकक्ष, लॉन, वर-वधूच्या खोल्या, आणि प्रवेशद्वार-पार्किंग. यातल्या प्रत्येकीला या धंद्यात झोन म्हणतात. डाव्या बाजूला, एकाखाली एक, आवाज कुठून येणार ते लिहा: गुरुजींचा कॉलर माईक, निवेदनाचा हातातला माईक, स्टेजवरचा एखादा जादा माईक, ऑफिसातला घोषणेचा माईक, सनई वाजवणारा प्लेअर, जेवणाच्या वेळच्या हलक्या संगीताचा दुसरा प्लेअर, आणि बाहेरून येणाऱ्या ऑर्केस्ट्रा किंवा डीजेची जोडणी.

आता एकेक चौकोन भरा. गुरुजींचा माईक हॉलमध्ये हवाच, पण भोजनकक्षातही हवा, कारण निम्मे पाहुणे तिथे अक्षता मुठीत धरून उभे असतात. वधूच्या खोलीत तर तो फारच उपयोगी. आत मेकअप चाललेला असतो आणि बाहेर कुठवर आलंय याचा पत्ता नसतो. गाडी काढण्याची घोषणा पार्किंगमध्ये, लॉनवर, भोजनकक्षात जायला हवी, मुख्य हॉलमध्ये अजिबात नाही. दुसरा प्लेअर फक्त भोजनकक्षात. डीजे फक्त लॉनवर.

जिथे 'अजिबात नाही' असेल तिथे लाल फुली मारा. सगळ्या कागदात महत्त्वाच्या त्या फुल्याच आहेत. कोणता आवाज कुठे जायला हवा, हे तर कुठलंही यंत्र साधून देतं. तो कुठे जाता कामा नये, हे जमवायला योग्य यंत्र लागतं.

कागद भरला की मोजणी आपोआप होते. आपल्याकडे माईक चार, प्लेअर दोन, पाहुण्यांच्या जोडणीच्या डाव्या-उजव्या मिळून दोन तारा. म्हणजे आत येणाऱ्या वाटा आठ, प्लेअर स्टिरिओ घेतले तर दहा. बाहेर जाणाऱ्या पाच. दोन्हीकडे एक-दोन वाटा शिल्लक राहतील असं यंत्र बघा. पुढच्या वर्षी गच्चीवर हॉल चढवायचा विचार मालकाच्या डोक्यात असतोच, तो फक्त अजून बोललेला नसतो.

'५ झोन' लिहिलेलं खोकं

आता दुकानात. पहिली फसगत इथे होते. मिक्सर-अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर 'पाच झोन' असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, झालं काम. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की एकच आवाज पाच तारांवर जातो आणि प्रत्येक तारेला चालू-बंदचं बटण आहे. शाळेच्या घोषणांना, छोट्या दुकानाला हे पुरतं. स्वस्त असतं, टिकतं, कुणालाही चालवता येतं. पण सनई भोजनकक्षात आणि मंत्र हॉलमध्ये, असं एकाच वेळी दोन वेगळे आवाज त्यातून निघणार नाहीत. म्हणून दुकानदाराला नेमका हाच प्रश्न विचारा: "पहिल्या झोनमध्ये माईक आणि दुसऱ्यात गाणं, एकाच वेळी, जमेल का?" उत्तर द्यायला वेळ लागला तर ते यंत्र ते नव्हे.

त्याच्या वरची पायरी झोन मिक्सरची. क्लाउड या ब्रिटिश कंपनीचे झेड ४ आणि झेड ८ हे त्याचे साधे, जुने नमुने: अनुक्रमे चार आणि आठ झोन, आणि पुढच्या पट्टीवर प्रत्येक झोनसाठी दोन नॉब. एकानं कोणता आवाज ते निवडायचं, दुसऱ्यानं किती मोठा ते. ना लॅपटॉप, ना पासवर्ड. हॉटेलच्या मॅनेजरला दोन मिनिटांत समजतं, म्हणून मला हा प्रकार अजूनही आवडतो.

तिसरा प्रकार डीएसपी मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणता आवाज कुठे आणि किती जाईल ते सांभाळणाऱ्या डिजिटल प्रोसेसरचा. पुढच्या बाजूला जवळजवळ काहीच नसतं. सगळी जुळवणी एकदा लॅपटॉपवरून करायची आणि मग भिंतीवरच्या छोट्या पॅनेलवरून चालवायची. डीबीएक्सच्या झोनप्रो मालिकेतल्या ६४० मध्ये सहा वाटा आत, चार बाहेर. १२६० मध्ये बारा आत, सहा बाहेर. यामाहाची एमटीएक्स मालिकाही याच कामाची. आपला भरलेला कागद म्हणजे खरं तर या यंत्राचा नकाशाच: प्रत्येक चौकोनाची पातळी वेगळी ठेवता येते, फुलीचा चौकोन कायमचा बंद करता येतो, झोनगणिक इक्वलायझर (जाड-बारीक सूर जुळवायला), लिमिटर (ठरल्याहून मोठा आवाज अडवायला) आणि डिले (आवाज जरा उशिरा सोडायला) मिळतो. पाच झोनच्या कार्यालयाला माझी शिफारस हीच.

चौथा प्रकार म्हणजे कार्यक्रमांचा डिजिटल मिक्सर, आणि सगळ्यांत जास्त वाद त्याच्यावरून होतो. बेरिंजरचा एक्स ३२ बहुतेक साउंडवाल्यांच्या हाताखालचा. बत्तीस माईक, सोळा बस (मिसळलेला आवाज नेणाऱ्या आतल्या वाटा), सहा मॅट्रिक्स (त्या पुन्हा मिसळून बाहेर काढणाऱ्या वाटा). "यातच पाच झोन काढून देतो, वेगळा प्रोसेसर कशाला?" असं तुमचा साउंडवाला म्हणेल. काढता येतात, तो खोटं बोलत नाही. पण असा मिक्सर चालवायला समोर जाणता माणूस बसलेला लागतो. मंगळवारी सकाळी साखरपुड्याच्या छोट्या कार्यक्रमाला तो नसणार. असेल तो वॉचमन. आणि कालच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं सगळे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, हलवून ठेवलेले असतील. म्हणून स्टेजसाठी मिक्सर घ्यायचाच तर जरूर घ्या, पण त्याचा आवाज प्रोसेसरच्या एका वाटेतून आत आणा. मिसळण्याचं काम मिक्सरचं, वाटण्याचं काम प्रोसेसरचं. स्वयंपाकघरात भाजी करणारा आणि पंगतीत वाढणारा वेगळा असतो, तसंच.

टॅब्लेटवर चालणारा मिक्सर घेतलात तर त्याच्या आतल्या वायफायवर विसंबू नका. आठशे माणसं म्हणजे आठशे मोबाइल, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐन वेळी टॅब्लेटची जोडणी तुटते. वेगळा राउटर ५ गिगाहर्ट्झवर लावा आणि त्याचा पासवर्ड पाहुण्यांना मिळू देऊ नका. कितीही मागितला तरी.

१०० व्होल्ट की ओहम

भोजनकक्ष, खोल्या, लॉन, पार्किंग इथे बरेच छोटे स्पीकर लांबलांब लावायचे असतात. तिथे १०० व्होल्ट लाइन घ्या. यात प्रत्येक स्पीकरच्या मागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर ६, ३, १.५ वॅट असे टप्पे. सगळे एकाच जोडतारेवर समांतर जोडत जायचे. ओहमचं, म्हणजे रोधाचं, गणित करायचं नाही, फक्त वॅटची बेरीज करायची.

फरक किती पडतो ते बघा. रॅकपासून लॉनचं टोक ६० मीटर धरलं तर जाऊन-येऊन १२० मीटर तांबं झालं. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीचा रोध त्यात साधारण १.४ ओहम भरतो. टोकाला ४ ओहमचा भार असेल तर अॅम्प्लिफायरच्या ताकदीचा चौथा हिस्सा वायर तापवण्यातच जातो. तीच ताकद, समजा २४० वॅट, १०० व्होल्टवर पाठवली तर भार सुमारे ४२ ओहमचा होतो आणि वाटेत गळतात जेमतेम तीन टक्के. वायरमन म्हणेल, "जाड वायर टाकू." टाकता येईल, पण तांब्याचा भाव बघा.

मुख्य हॉलच्या स्टेजजवळचे मोठे स्पीकर मात्र नेहमीच्या ८ किंवा ४ ओहमवरच ठेवा. अंतर कमी असतं, आणि गाण्याचा भरीवपणा तिथेच लागतो. दोन प्रकार एकाच अॅम्प्लिफायरवर मिसळायचे नाहीत. १०० व्होल्टच्या तारेवर साधा ८ ओहमचा स्पीकर लावलेला मी पाहिला आहे. म्हणजे आधी वास आला, मग पाहिला.

भोजनकक्षात किती स्पीकर लागतील? समजा कक्ष १८ बाय १२ मीटर, छत ३.६ मीटरवर. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर, म्हणजे छतापासून २.४ मीटर खाली. ९० अंशांत आवाज पसरणारा सीलिंग स्पीकर तिथे ४.८ मीटर व्यासाचं वर्तुळ व्यापतो. लांबीत चार, रुंदीत तीन असे बारा लावले की भागलं. ६ वॅटच्या टप्प्यावर बारा स्पीकर म्हणजे ७२ वॅट. वर पाव हिस्सा शिल्लक धरला तर ९०. १२० वॅटचा अॅम्प्लिफायर पुरतो. खर्च वाचवायला बाराऐवजी कोपऱ्यांत चार मोठे खोके टांगतात, आणि मग त्याखाली बसलेले आजोबा कानावर हात ठेवून जेवतात, तर मधल्या पंगतीला काहीच कळत नाही. तसं करू नका. या झोनांत आवाज मोनो, म्हणजे सगळ्या स्पीकरांत एकच, ठेवा. स्टिरिओ केला तर गाण्याचा अर्धा भाग एका टेबलाला आणि अर्धा दुसऱ्याला मिळतो.

मुख्य हॉल लांब असेल तर मागच्या रांगांसाठी मध्ये स्पीकर लागतात, आणि त्यांना डिले द्यावा लागतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तार त्या मानानं लगेच पोचते. २० मीटर मागच्या स्पीकरला सुमारे ५८ मिलिसेकंद थांबवलं नाही, तर मागच्यांना प्रत्येक अक्षर दोनदा ऐकू येतं. मंगलाष्टकांत ते फारच जाणवतं, कारण गुरुजी मुळातच लांबवून म्हणतात. प्रत्येक झोनला डिले देता येतो का, हा प्रश्न म्हणून यंत्र घेतानाच विचारायचा. आणि मागचे स्पीकर पुढच्यांहून वेगळ्या आउटपुटवर असायला हवेत. म्हणजे आपली पाचाची मोजणी सहावर गेली. मघाशी जादा वाटा ठेवायला सांगितल्या, त्या यासाठीही.

हात कोणाचा लागणार

साउंडवाला हा प्रश्न शेवटी विचारतो. मी यंत्र निवडायच्या आधी विचारतो. रोज ही यंत्रणा कोण चालवणार? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं: मॅनेजर, तो नसेल तर केटरिंगचा माणूस, तोही नसेल तर जो समोर दिसेल तो.

म्हणून भोजनकक्षाच्या भिंतीवर एकच नॉब असावा, आवाज कमी-जास्त करण्याचा, आणि त्यालाही खालची-वरची मर्यादा घातलेली. नॉब पूर्ण फिरवला तरी गप्पा मारता आल्या पाहिजेत. ऑफिसात चार बटणांचं पॅनेल: 'सकाळ', 'मुहूर्त', 'जेवण', 'बंद'. नावं मराठीत, ठळक. प्रत्येक बटणामागे एक ठरवून ठेवलेली मांडणी, म्हणजे प्रीसेट. 'मुहूर्त' दाबलं की गुरुजींचा माईक हॉल, भोजनकक्ष आणि खोल्यांत. दोन्ही प्लेअर बंद. घोषणेचा माईक फक्त पार्किंगपुरता. पाहुण्यांची जोडणी मूक. एका बोटाचं काम. यामाहाच्या डीसीपी मालिकेत चार नॉब आणि चार बटणांचं असं पॅनेल मिळतं, बाकी कंपन्यांचीही आपापली असतात. पॅनेल आणि प्रोसेसर मात्र एकमेकांशी जुळणारेच घ्या.

या पॅनेलना बहुतेक वेळा कॅट ५ किंवा कॅट ६ केबल लागते. ती प्लास्टरच्या आधी भिंतीत जायला हवी. रॅकपासून प्रत्येक झोनपर्यंत एक जादा रिकामा पाइप टाकून ठेवा, आत ओढतार घालून. पाइप आज स्वस्तात पडतो. नंतर रंगवलेली भिंत फोडायची तर मालकाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

घोषणेच्या माईकला 'डकिंग' हवं: बोलायला सुरुवात झाली की त्या झोनमधलं संगीत आपोआप खाली जावं, बोलणं संपलं की हळूहळू वर यावं. एका वेळी उघड्या माईकांची संख्या आवरा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी न मारता मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलनं घटतो. चार उघडे ठेवलेत तर एकाच्या मानानं ६ डेसिबल गेले. न वापरलेला माईक स्वतःहून मिटवणारी सोय, गेट किंवा ऑटोमिक्स, प्रोसेसरमध्ये असेल तर वापरा. फायर अलार्म वाजला की संगीत बंद पडायला हवं. त्यासाठी प्रोसेसरला बाहेरून संकेत घेणारा संपर्क आहे का, तेही बघून घ्या.

बाहेरून येणाऱ्या साउंडवाल्यासाठी स्टेजजवळ भिंतीत दोन एक्सएलआर (माईकच्या तीन पिनांची) सॉकेट द्या, त्यामागे त्याची आणि आपली यंत्रणा विजेच्या दृष्टीनं वेगळी ठेवणारा ट्रान्सफॉर्मर आणि प्रोसेसरमध्ये लिमिटर. त्याला रॅकपर्यंत येण्याची गरजच पडू नये. रॅकला कुलूप हवंच, पण किल्ल्या दोन, आणि दुसरी ऑफिसात.

लॉन आणि रात्रीचे दहा

लॉनचा आवाज कुंपणापलीकडे जातो, आणि तिथे कायदा सुरू होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेच्या हद्दीवर तुमच्या यंत्रणेचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री तो बंदिस्त सभागृहातच, आतल्यांपुरता चालतो. सणा-उत्सवांना १२ वाजेपर्यंतची जी सवलत राज्य सरकार देऊ शकतं ती वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. लग्न त्यात आपोआप बसत नाही.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की एका स्पीकरचा आवाज ६ डेसिबलनं उतरतो. १ मीटरवर ९५ असलेला ३२ मीटरवर ६५ आणि ६४ मीटरवर ५९ होतो. म्हणजे निवासी भागातली दिवसाची ६० ची मर्यादा (५५ अधिक ते ५) गाठायला सुमारे ५६ मीटर गेले. लॉन एवढं मोठं कुठे असतं? म्हणून दोन दांडगे टॉवर उभे करण्यापेक्षा हिरवळीच्या कडेनं छोटे स्पीकर, आतल्या बाजूला तोंड करून, पाहुण्यांच्या जवळ. प्रोसेसरमध्ये लॉनच्या झोनला लिमिटर लावा आणि वेळापत्रकाची सोय असेल तर १० ला लॉन मूक होईल असं बसवा. मालकाशी वाद घालता येतो, घड्याळाशी नाही. डीजे स्वतःचे स्पीकर घेऊन आला तर तुमचा प्रोसेसर त्याला काही करू शकत नाही. तो प्रश्न भाडेकराराचा. मर्यादा ओलांडली की सॉकेटची वीज तोडणारी यंत्रंही मिळतात, पण ती बसवल्यावर वरपक्षाला तोंड देण्याची तयारी ठेवा.

वीज आणि कागदपत्रं

स्पीकरमधली 'घूं' बहुतेक वेळा अर्थिंगची तक्रार असते, यंत्राची नव्हे. सगळा साउंड एका फेजवर, एका अर्थिंगवर घ्या. लाइटच्या डिमरशी त्याचा संबंध नको. रॅकमधले अॅम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी चालू आणि सगळ्यांत आधी बंद व्हायला हवेत. त्याला सिक्वेन्सर मिळतो. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतचा वेळ प्रोसेसर, प्लेअर आणि राउटर छोट्या यूपीएसवर काढू द्या. अॅम्प्लिफायर यूपीएसवर नको. वीज आल्यावर कोणता प्रीसेट लागेल ते ठरवून ठेवा; मुहूर्ताच्या मध्यात 'सकाळ' लागली तर सनई पुन्हा सुरू.

ऑर्डर देताना चार गोष्टी लेखी घ्या. प्रोसेसरची जुळवणी-फाइल पेन ड्राइव्हवर मालकाच्या हाती. पासवर्ड मालकाकडे. कोणती तार कुठे जाते त्याचा नकाशा रॅकच्या दारामागे चिकटवलेला. आणि जुळवणीच्या दोन भेटी: पहिली रिकाम्या हॉलमध्ये, दुसरी पहिल्या भरलेल्या लग्नात. रिकामा हॉल घुमतो. पाचशे माणसं, शालू आणि फेटे आत आले की तेच सेटिंग दबकं वाटतं. पहिल्या भेटीत गाणी लावून बघू नका, गाणं सगळीकडे चांगलंच वाटतं. कुणाला तरी गुरुजींचा माईक लावून दहा मिनिटं वर्तमानपत्र वाचायला लावा आणि तुम्ही कागद हातात घेऊन पाचही जागांत फिरा. प्रत्येक चौकोनापाशी थांबा, लाल फुल्यांपाशी जास्त वेळ. शेवटचा हप्ता दुसऱ्या भेटीनंतर द्या.